मग लागतं मायलाच काहून?

"बल म्हणजे काय?" सपना मॅडमनी विचारलं.

"ढकलणं नाहीतर ओढणं," नववीचा अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

"उदाहरण?"

"बैल गाडी ओढतो." "पोरगं दार ढकलतं."

वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. डोंगरकड्याच्या त्या शाळेत गती, बल आणि ऊर्जेची उजळणी चालली होती. पुस्तकातला तो बैल वर्षानुवर्षं तीच गाडी ओढत होता आणि पोरं ते पाठ म्हणत होती. सपनाला त्याचा मनापासून वीट आला होता. तिनं खडू खाली ठेवला.

"पुस्तकातलं नको. आपल्या घरातलं सांगा. डोळ्यांनी पाहिलेलं."

इथंच चुकलं. शिक्षकांच्या प्रशिक्षणात सांगतात, मुलांना त्यांच्या जगण्यातली उदाहरणं द्यायला लावा म्हणून. मुलांचं जगणं काय असतं, हे सांगणाऱ्याला ठाऊक असतंच असं नाही.

"बापानं मायला उंबऱ्यावरून ढकललं," मागच्या बाकावरून आवाज आला. वर्ग हसला. तेवढ्यानं बांध फुटला.

"मामा मायला इकडं ओढून राहिला होता, बाप तिकडं. दोघांचा जोर बराबर. माय जाग्यावरच."

"मॅडम, हे संतुलित बल," दुसऱ्यानं पुस्ती जोडली, आणि ती बिनचूक होती.

सपनानं घाईनं विषय बदलला. "स्थितिज ऊर्जा?"

"उचललेली काठी."

"गतिज?"

"सुटलेली."

एकूण एक उत्तर बरोबर होतं. परीक्षेत पोरांनी हेच लिहिलं असतं, तर तिला पुरे गुण द्यावे लागले असते. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची निता उभी राहिली. ही बंजारा तांड्यावरच्या रणजीतची मुलगी. बोलायची कमी, पण एकदा विचारायला लागली की हात धुऊन मागं लागायची.

"मॅडम, तिसरा नियम. बाप मायच्या तोंडावर जेवढ्या जोरानं मारतो, तेवढ्याच जोरानं मायचं तोंड त्याच्या हाताला उलटं मारतं. व्हय ना?"

"हो. बल समान, दिशा विरुद्ध."

"मग लागतं मायलाच काहून?"

या वेळी कुणी हसलं नाही. सपनाला उत्तर येत होतं, म्हणून ती देऊन बसली. "जोर दोघांवर सारखाच. पण मूठ टणक असते, गाल मऊ. मऊ असेल त्याला जास्त इजा होते."

"मंजी मुठीपेक्षा टणक काही समोर आलं तर?"

"तर मूठ फुटेल."

घंटा झाली. निता खाली बसली आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत राहिली. सपनानं फळा पुसला.

संध्याकाळी सपनाचा नवरा प्रेमानंद हिंगोलीहून मोटारसायकलवर परतला. एका पतसंस्थेत तो वसुलीचं काम बघायचा. बाहेर माणूस इतका गोड, की कर्ज बुडवणाराही त्याला चहा पाजून पाठवी. घरमालकीण भिकाबाई तर येता-जाता म्हणायची, "मॅडम, नशीब काढलं तुमी." सपना हसायची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"दुपारी फोन का नाही उचलला?" त्यानं पायातले बूट काढता काढता विचारलं.

"तासावर होते."

"दोनदा केला."

"उजळणी चालू होती, हो."

बूट नीट भिंतीशी लावून तो उठला. हात वर गेला. त्यानं तो जरा वेळ तसाच धरून ठेवला, आणि त्याला तेच आवडायचं. मग तो उतरला तो कानाखाली. ती कपाटावर आदळली. त्यानं तिचा दंड पकडून पिरगाळला, पुन्हा उभी केली आणि बरगडीत गुडघा घातला. तोंडावर खूण राहू नये याची त्याला फार काळजी. तिनं आवाज केला नाही, कारण भिकाबाईची आणि त्यांची भिंत एकच होती.

"उद्यापासून फोन उचलायचा," तो म्हणाला आणि जेवायला बसला. तिनं एका हातानं भाकरी वाढली. दुसरा वर होत नव्हता. रात्रभर त्या पोरीचा प्रश्न तिच्या डोक्यात फिरत राहिला. नियम तिला कॉलेजपासून पाठ होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं तिला वाटलं आणि स्वतःचीच चीड आली.

त्याच आठवड्यात तांड्यावर ड्रम वाजला.

हळदीचे दिवस होते. रणजीतकडं हळद घासायचा लोखंडी ड्रम होता. ट्रॅक्टरला जोडून तो कुरुंद्यापर्यंत भाड्यानं न्यायचा आणि शिजवून वाळवलेली हळद त्यात फिरवून चकचकीत करून द्यायचा. काम नसलं की ड्रम घरापुढं उभा. त्या संध्याकाळी रणजीत पिऊन आला. कालवणात मीठ कमी होतं म्हणे, किंवा जास्त होतं. त्यानं बायकोला, रुख्मिणीबाईला, केसाला धरून अंगणात आणलं. पहिली मूठ तिच्या जबड्यावर बसली आणि तिच्या तोंडातून रक्त आलं. निता दारातून आईला ओरडली, "याडी, ड्रमला पाठ लाव." बाई मागं सरकली, लोखंडाला टेकली. रणजीतनं सारा जीव एकवटून दुसरी मूठ सोडली. निता पुन्हा ओरडली, "खाली बस," आणि बाई खाली बसली.

रिकामा ड्रम असा घुमला, की अर्धा तांडा घराबाहेर आला. रणजीत मनगट धरून मातीत लोळत होता. बोटांच्या मुळांची हाडं फुटली होती. एक तर कातडीबाहेर डोकावत होतं.

निता दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आला तो निरोप. रविवारी तांड्याची पंचायत, म्हणजे नसाब, बसणार होती आणि तांड्याचा मुखिया, नायक भावसिंग, यानं मॅडमना बोलावलं होतं, कारण हे मॅडमनीच शिकवलं असं निता म्हणत होती.

"जाऊ नका," हेडमास्तर म्हणाले. "आणि गेलातच, तर असलं काही शिकवलं नाही म्हणा. पोरगी खोटं बोलते म्हणा. संस्थेपर्यंत गेलं तर तुमची नोकरी जाईल आणि माझंही डोकं खातील."

"आणि पोरीचं?"

"तिचा बाप बघेल तिचं."

बाप काय बघणार, हे तांड्यावरच्या पोरांनी तिला आधीच सांगितलं होतं. शाळेतून नाव काढायचं आणि याच उन्हाळ्यात लग्न उरकून टाकायचं. निता पंधराचीही नव्हती.

रविवारी सपना स्कूटीवरून एकटीच गेली. प्रेमानंद झोपला होता. उन्हाचे दिवस, तरी तिनं लांब बाह्यांचा ब्लाउज घातला होता. लिंबाखाली पुरुष बसले होते, बायका जरा लांब भिंतीला धरून. रणजीतचा हात बोटांपासून कोपरापर्यंत पांढऱ्या प्लास्टरमध्ये होता. मोहनसिंग हा त्याचा थोरला भाऊ शेजारी बसला होता. बायकांत रुख्मिणीबाई होती, जबडा सुजून एका बाजूला गेलेला. तिच्याजवळ निता. तिचा खालचा ओठ फाटला होता. बापाचा डावा हात चालत होता तर.

नायकानं आधी आपल्या बोलीत चार शब्द सांगितले, मग मॅडमसाठी मराठीत आला.

"मॅडम, तुमी शिकल्या-सवरल्या. तुमाला तकलीफ द्यायची न्हाई. पोरगी म्हनते, वर्गात मॅडमनं सांगितलं, टणक वस्तूवर मूठ मारली की फुटते. सांगितलं का न्हाई, तेवढं बोला. न्हाई म्हना, तुमी सुटल्या."

"न्हाई म्हनंल कशी?" रणजीत ओरडला. "हिनं माझा हात मोडला. ऐन सीझनमधी ड्रम उभा हाय. पोरीला बापावर उलटायचं शिकवून राहिले शाळेत."

सपनानं निताकडं बघितलं. पोरगी तिच्याकडं बघत नव्हती. मातीकडं बघत होती, कारण मोठी माणसं ऐन वेळी काय बोलतात हे तिला घरातच कळलं होतं. एका 'नाही'त सगळं मिटणार होतं. नोकरी, घर, भिकाबाईचं ते 'नशीब काढलं', सारं शाबूत राहणार होतं.  सपनाला खूप भीती वाटली, आणि ती का वाटते याची लाजही वाटली.

"शिकवलं," ती म्हणाली. "तिनं विचारलं, मी सांगितलं. पोरगी खरं बोलतेय."

मोहनसिंग थुंकला. रणजीत ताडकन उठला, डावी मूठ उगारून दोन पावलं तिच्यावर आला. दोघांनी त्याला कमरेला धरून मागं ओढलं, तसा त्यानं जिभेचा पट्टा सोडला.

"नवऱ्यानं धाकात ठेवली न्हाई हिला. घरात दोन पडल्या असत्या, तर दुसऱ्याच्या बायका नसत्या बिघडवल्या."

पुरुषांतून दोघे-तिघे हसले. बायकांतल्या एका म्हातारीनंही मान हलवली.

"ठेवलीये," सपना म्हणाली.

आवाज लहान होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. तिनं उजव्या बाहीचं बटण सोडलं आणि बाही खांद्यापर्यंत वर सारली. दंडावर चार बोटं निळी उठली होती. त्यांच्याखाली जुनी, पिवळी पडलेली. त्याहून जुनी कोपरापाशी होती.

"धाकातच ठेवलीये. बरगडीत पण आहे, ते दाखवता येत नाही. नायक, हा नियम मी कॉलेजात शिकले आणि तेव्हापासून शिकवतेय. दर वर्षी पोरांकडून पाठ करून घेते. आपल्या अंगाला तो लागू आहे, हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही. या पोरीनं त्याच आठवड्यात आईला बाजूला केलं. तिला शाळेतून काढायचं असेल तर काढा. पण तिनं चूक केली म्हणून काढू नका. माझ्या वर्गात धडा एवढा कुणालाच समजला नव्हता."

 तिनं बाही खाली केली, पण बटण काही केल्या लागेना.

भावसिंग नायक काही देवमाणूस नव्हता. रणजीतला त्यानं दंड केला नाही. 'घरोघरी मातीच्या चुली' म्हणत मारहाणीचं प्रकरण त्यानं गुंडाळलं, आणि याचा सपनाला राग आला. पण बाकीचं त्यानं चोख केलं. "पोरगी खोटं बोलली न्हाई. शाळेतून नाव निघनार न्हाई. अठराच्या आत लग्नाची गोष्ट कुनी काढली, तर नसाब परत बसंल. परीक्षेला मी सोतः सोडीन तिला."

"अन् माझा हात?" रणजीतनं विचारलं.

"तो तूच मारला ड्रमवर," नायक म्हणाला. बायकांच्या बाजूनं कुणीतरी तोंडात पदर कोंबला.

सपना स्कूटीपाशी आली तेव्हा पर्समधला फोन वाजत होता. तांडा तो केवढा, आणि डोंगरकडा तो किती लांब. कुणा पोरानं मोबाइलवर प्रेमानंदला आधीच कळवलं होतं.

"घरी ये," प्रेमानंद एवढंच म्हणाला. आवाज अगदी गोड होता.

तिनं किल्ली लावली, पण स्टार्टरचं बटण दाबवेना. तेवढ्यात मागची सीट दबली. रुख्मिणीबाई पदर खोचून बसली होती.

"कुनाचा फोन व्हता?"

"घरचा."

"व्हय, तोंडावरूनच कळलं." सुजलेल्या जबड्यानं तिला नीट बोलता येत नव्हतं. "चला. मी येते."

"तुमचं घर? निता?"

"निता नायकाच्या घरी हाय. अन् त्याला एका हातानं भाकर जमते का बघू दे."

स्कूटी निघाली. बाजूच्या शेतांत शिजवलेली हळद वाळत पडली होती, तिचा उग्र वास नाकात बसत होता. सपना दोनदा म्हणाली, इथं उतरा, तुम्हाला उगाच त्रास. दोन्ही वेळा रुख्मिणीबाईनं तिच्या खांद्यावरचा हात घट्ट केला, दुखऱ्या खांद्यावरच, पण सपनानं तो काढायला सांगितलं नाही.

प्रेमानंद दारातच उभा होता, बाह्या वर सारून. सपनाला बघून तो दारातून बाजूला सरकला, ती आत आली की लगेच दार लावून घेता यावं म्हणून. मग तिच्यामागून आलेली बाई त्याला दिसली.

"या, या," त्याचा चेहरा लगेच बदलला. "कोण या?"

"मी रुख्मिणी. तांड्यावरची." ती आत आली आणि दिवाणावर मांडी घालून बसली. भिंतीकडं, कपाटाकडं, मग त्याच्या हातांकडं तिनं सावकाश बघून घेतलं. "मॅडमच्या घरी दोन दिस मुक्कामाला आले. भाऊ, पानी द्या."

सपना सवयीनं स्वयंपाकघराकडं वळली. रुख्मिणीबाईनं तिचं मनगट धरून तिला शेजारी बसवलं.

"तुमी बसा. भाऊ देतेत."

दाराबाहेर भिकाबाई झाडू घेऊन थांबली होती. अंगण कधीचंच झाडून झालं होतं. प्रेमानंद बायकोकडं, त्या बाईच्या सुजलेल्या तोंडाकडं, मग उघड्या दाराकडं बघत राहिला. शेवटी तो आत गेला. माठावरचं झाकण वाजलं. तो पेला घेऊन बाहेर आला आणि रुख्मिणीबाईपुढं धरला.

तिनं तो घेतला आणि सपनाच्या हातात दिला.

"अजून एक आना," ती म्हणाली.

प्रेमानंद पुन्हा आत गेला.