दिवा गिळणारी खोली

महाराजांनी पेटता दिवा पुन्हा एकदा जमिनीवर टेकवला आणि पुन्हा एकदा तो विझला.

फुंकर नाही, वारा नाही, जवळपास कोणाचा हात नाही. ज्योत आधी आखडली, मग वातीपासून सुटली आणि नाहीशी झाली. पायऱ्यांच्या वर, कॉरिडॉरमध्ये दाटीवाटीने उभे असलेले विद्यार्थी, कारकून आणि प्राध्यापक श्वास रोखून खाली बघत होते. खाली, त्या तळखोलीत, महाराज प्रयोगशाळेच्या उंच स्टुलावर बसले होते. लांब दांड्याला अडकवलेला दिवा त्यांनी वर ओढून घेतला, पेटवला, आणि छातीच्या उंचीवर तो शहाण्यासारखा तेवत राहिला.

"पाहिलंत?" ते म्हणाले. "वर त्याचा हात पोहोचत नाही. जिथं पडला तिथंच पडून आहे. तहानलेला आहे बिचारा, ज्योत पितोय."

हा काही आडगावचा बाजार नव्हता. रासायनिक अभियांत्रिकीचा विभाग होता. जमलेल्यांपैकी निम्म्यांनी जड वायू आणि हलके वायू यांवर परीक्षेत पानंच्या पानं भरली होती. पण परीक्षेच्या हॉलमध्ये भूत येत नाही, त्यामुळे तिथं डोकं चालतं. इथं सगळ्यांनी हात जोडले होते.

गर्दीच्या पुढच्या रांगेत ती उभी होती. विभागात तिला शंकासुर म्हणत, कारण कोणाचंही व्याख्यान संपलं की पहिला हात तिचा वर जायचा. आज मात्र तिच्याही अंगावर काटा आला होता. कारण जो मेला होता, त्याला ती ओळखत होती.

तो तिचा सीनियर. सगळे त्याला दादाच म्हणायचे. त्या खोलीतला माणसाच्या दुप्पट उंचीचा पोलादी कॉलम त्यानेच उभा केला होता. धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडून ठेवणाऱ्या पांढऱ्या गोळ्यांनी तो भरलेला असे, आणि भिंतीलगतच्या सिलिंडरांतून त्याला तो वायू पुरवला जाई. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी दादा त्या कॉलमच्या पायथ्याशी पालथा पडलेला सापडला. हृदय दुबळं होतं, असं घरच्यांना कळवण्यात आलं. महिनाभरानं फरशी पुसणाऱ्या बाईंना तिथंच भोवळ आली, आणि खोली 'लागते' अशी कुजबुज सुरू झाली. तिकडे कोणी फिरकेना.

कॉलम आता तिच्या वाट्याला आला होता. त्यावर प्रयोग केल्याशिवाय तिचा प्रबंध पुरा होणार नव्हता, आणि गाइड सरांच्या सहीशिवाय डॉक्टरेट मिळणार नव्हती. महाराजांना बोलावलं होतं ते सरांनीच. तिनं नाक मुरडलं तेव्हा ते हसून म्हणाले होते की माझा विश्वास नाही गं, पण लोकांची भीती जात असेल तर आपलं काय जातं.

महाराजांच्या अटी मात्र विचित्र होत्या. यंत्र त्या दिवशी जसं चालू होतं तसंच चालू हवं, कारण मुलगा आपल्या यंत्राशी घुटमळतोय. खिडकीच्या फटींत कापड कोंबा, नाहीतर तो निसटेल. आणि एक्झॉस्ट पंखा बंद, कारण घरघरीत आत्मा बोलत नाही. सरांनी मान डोलावली आणि स्वतः बटण खाली केलं.

मग दादाच्या आईला पुढे आणलं. चणीनं लहान, केस घट्ट बांधलेले, छातीशी धरलेल्या पिशवीत मुलाचा एक शर्ट.

"माझ्याशी बोलेल ना तो?" काकूंनी विचारलं.

"बोलेल की. आईशी नाही बोलणार तर कोणाशी? दार लावून घेऊ. तुम्ही एकट्या जमिनीवर बसायचं, कपाळ फरशीला टेकून. धाप लागेल, डोकं ठणकेल, डोळ्यांपुढे अंधारी येईल. घाबरून उठायचं नाही. तो कुशीत आलाय असं समजायचं. किती विहिरींतले आत्मे असे मोकळे केलेत मी."

काकू पायरी उतरू लागल्या.

धाप, डोकेदुखी, अंधारी. शंकासुराचे जोडलेले हात सुटले. हे महाराजांना आधीच कसं ठाऊक? आणि विहिरी. बंद पडलेल्या विहिरीत उतरण्याआधी माणसं दिवा सोडतात तो कशासाठी? तिची नजर स्टुलाकडे गेली. सकाळपासून महाराजांनी एकदाही बैठक मोडली नव्हती, खाली पडलेली काडीसुद्धा उचलली नव्हती.

तिनं पुढे होऊन काकूंचा दंड धरला.

"महाराज, काकूंच्या आधी तुम्ही बसा ना खाली. कपाळ टेकून."

"साधकाचं आसन उंचच असतं, पोरी."

"मग थोडा वेळ उतरा. आम्ही दार लावून घेतो."

महाराजांचा चेहरा उतरला. मग ते शापाची भाषा बोलू लागले. मागून सर तिच्या कानाशी आले आणि अगदी हळू म्हणाले, "तुझा प्रबंध माझ्या टेबलावर आहे, एवढं लक्षात ठेव."

इतक्या वर्षांची मेहनत डोळ्यांपुढून गेली. पण हातातला काकूंचा दंड इतका किडकिडीत होता की तो सोडवेना. तिनं त्यांना वर बसवलं, पंख्याचं बटण दाबलं आणि फटींतली कापडं ओढून काढून खिडकी उघडली. खोलीत वारा खेळू दिला. मग महाराजांच्या हातून दांडा घेतला आणि दिवा पेटवून जमिनीवर ठेवला.

दिवा जळत राहिला.

तिनं पंखा बंद केला, खिडकी लावली आणि पायऱ्यांवर येऊन थांबली. बऱ्याच वेळानं ज्योत आखडली आणि विझली. तिनं पुन्हा पंखा लावला, खोली मोकळी होऊ दिली, आणि साबणाचं पाणी घेऊन कॉलममागच्या नळीच्या सांध्यावर ओतलं. सांध्याभोवती फेस फुगत फुगत खाली ओघळला. सिलिंडरांच्या झडपा बंद करून ती वर आली.

"गळती आहे," ती म्हणाली. "हा वायू दिसत नाही, पण हवेपेक्षा जड असतो. खोलगट जागी पाण्यासारखा साचतो. त्यात आधी दिवा विझतो, मग माणूस. जुन्या विहिरींतही हेच होतं. महाराजांना ते पक्कं माहीत आहे, म्हणून ते स्टूल सोडत नाहीत."

महाराजांनी स्टूल सोडलं, पण खाली बसायला नव्हे. गर्दीतून वाट काढत ते निघून गेले. अडवायचंही कोणाला सुचलं नाही.

काकू पंख्याकडे बघत होत्या. चौकट गंजलेली, मोटर कोरी करकरीत.

"त्या दिवशी हा चालू होता का?"

स्टोअरकीपरनं मान खाली घातली. जुनी मोटर जळाली होती, म्हणाला. दादांनी सरांना सांगितलंही होतं. नवी बसवली ती नंतर, सुट्टीच्या दिवशी.

"ही बोलायची जागा नाही," सर म्हणाले.

"माझा मुलगा याच जागी गेला," काकू म्हणाल्या. "हृदय दुबळं नव्हतं तर त्याचं. तुम्ही मला तिथंच निजवायला निघाला होतात."

पुढे चौकशी बसली. ती लांबली, पण सरांची प्रयोगशाळा गेली. शंकासुराला नव्या गाइडकडे जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. डॉक्टरेट मिळाली, पण बरोबरीचे सगळे नोकरीला लागून गेल्यावर.

त्या दिवशी मात्र सगळं उघड झाल्यावरही काहीजण हात जोडूनच उभे होते, सवयीनं म्हणा. काकूंनी पिशवी खांद्याला लावली आणि त्यांच्यासमोर थांबल्या.

"हात सोडा आता," त्या म्हणाल्या. "माणूस गेला की आधी विचारा, कशानं गेला? कोणाच्या हलगर्जीनं गेला? एकदा भुतावर ढकललं की कोणाला जाबच द्यावा लागत नाही. मी विचारलं नाही. तुम्ही शिकलेली माणसं आहात, तुम्ही तरी विचारा."