बार्ब्रोचा पाय

...सहावा बोल्ट. पाच मुकाट्यानं निघाले, आणि हा एकटा शहाणा आपल्या भोकात घट्ट बसून होता. डोक्यावर गंज, कडेला काळपट ओल. स्तूरेला त्याचा राग आला... राग तरी कसला, राग येण्याइतकी किंमत तो बोल्टला देत नसे, माणसांनाही देत नसे. सत्तर वर्षांचा माणूस, गॅरेजच्या जमिनीत स्वतः खणलेल्या खड्ड्यात उभा, डोक्यावर स्वतःची चौतीस वर्षांची व्होल्वो, आणि उजव्या डोळ्याच्या कडेला ती राखी भिंत, जिला डॉक्टरीणबाई ‘दृष्टीचा परीघ’ म्हणाल्या. परीघ म्हणे! नातीच्या वयाची पोरगी, आणि तीन आठवड्यांपूर्वी एका कागदावर सही करून तिनं त्याचं पन्नास वर्षांचं लायसन्स खलास केलं.

तेव्हा ही क्लच-प्लेट बदलायची ती स्वतःसाठी नव्हतीच. बायकोसाठी. बार्ब्रो चार वर्षं स्टिअरिंगला शिवली नव्हती. गावातली बस केव्हाच बंद झालेली, दुकान अठ्ठावीस किलोमीटर, दवाखाना सत्तर. तिनं गाडी चालवली तर हे घर राहील, नाहीतर ऊमेओ शहरातल्या त्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत तिसरा मजला, जिथल्या बाल्कनीतून फक्त दुसऱ्यांच्या बाल्कन्या दिसतात... फ्लॅटवाल्या बाईला सोमवारी उत्तर द्यायचं होतं. आणि बार्ब्रो म्हणत होती, नको रे, माझा पाय वाईट आहे, नवी प्लेटसुद्धा मी जाळीन, तूच म्हणतोस ना.

म्हणतोच. कुणीतरी म्हणायला नको? क्लचवर पाय टेकवून गाडी हाकायची, जसा काही तो पाय ठेवायचा चौरंगच आहे — बायका अशाच चालवतात, आणि बायकाच कशाला, आता सगळेच. नवरे काय मोठे दिवे लावतात! तिचा भाऊ एवर्ट बघा. खड्ड्याच्या काठावर उभा, पांढरे हातमोजे घालून, आल्यापासून एकच गोष्ट तीनदा सांगून झाली : त्याच्या विजेच्या गाडीला क्लचच नाही. नाहीच ना, एवर्ट. तुझ्या गाडीला क्लच नाही आणि तुला कणा नाही, जोडी छान जमली आहे. पण गिअरबॉक्स खाली घेताना दुसरा माणूस लागतो, म्हणून हा.

“तेल सोड थोडं, सुटेल,” एवर्ट वरून म्हणाला.

स्तूरेनं पाना लावला, पाय रोवले, सगळं अंग घातलं, आणि बोल्ट एकदम कडकन फिरला. प्रेशर प्लेट हातात आली आणि तिच्यामागून ती, क्लच-प्लेट. त्यानं मनात वाक्य तयार ठेवलं होतं. झिजून रिव्हेटला लागलेली प्लेट बार्ब्रोच्या पुढ्यात धरायची, बघ म्हणायचं, आणि मग मोठ्या मनानं तिला जंगलाच्या रस्त्यावर नेऊन पहिल्यापासून शिकवायचं, लहान पोरासारखं. मोठ्या मनानं... हा शब्द त्याला आवडला होता.

रिव्हेट दिसेनात. म्हणजे होते, पण पार खोल, जाड अस्तराच्या तळाशी. आणि अस्तर काळं, तुळतुळीत, बोट लावलं तर बोट सरकलं. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. कॅलिपर लावून मापली. नव्या प्लेटपेक्षा अर्धा मिलिमीटरसुद्धा कमी नव्हती. मग त्यानं बेअरिंग फिरवून पाहिलं, कारण क्लचवर पाय टेकवून ठेवणाऱ्याचं बेअरिंग आधी बोंबलतं, हे त्यानं स्वतःच किती जणांना ऐकवलेलं. बेअरिंग गुळगुळीत फिरलं, आवाज नाही, काही नाही.

“मग? पार गेली?”

“थांब जरा.”

“पार गेली असणार. बार्ब्रोनं—”

“तू आत जाऊन कॉफी घे, एवर्ट.”

कॉफी म्हटल्यावर एवर्टला दोनदा सांगावं लागत नाही. तो गेला. स्तूरेनं दिवा वर धरला. फ्लायव्हीलच्या मागून तेलाची एक रेघ खाली आली होती, बारीक, वर्षानुवर्षांची. तिथं काय आहे हे बघायला फ्लायव्हील उतरवायची गरज नव्हती. तिथं ऑइल सील आहे, इंजिनातलं तेल अडवणारं रबरी कडं; ते गळलं की तेल प्लेटवर, आणि प्लेट सरकते. बारा वर्षांपूर्वी, याच खड्ड्यात, मागची क्लच-प्लेट बदलताना मीच ते बसवलं होतं. हातोडी आणि लाकडाचा ठोकळा घेऊन. शनिवार होता. सील एका बाजूनं नखभर तिरकं गेलं. काढायला हवं होतं, पण काढलं की फाटतं, दुसरं आणायचं तर दुकान एक वाजता बंद... आणि मी म्हणालो, चालेल.

चालेल! ज्या शब्दावरून मी आयुष्यभर माणसं निकालात काढली — सुतार, गवंडी, मुलीचा नवरा, शाळेतला तो नवा मुख्याध्यापक — तो शब्द माझ्याच तोंडातला. आणि तोही मी कुणाला ऐकू जाणार नाही असा हळू म्हणालो होतो, म्हणजे मला माहीत होतं.

आणि चार वर्षांपूर्वी? तेव्हा नव्हतं माहीत? बार्ब्रो ट्रेलरमध्ये लाकडं भरून चर्चखालचा चढ चढत होती, इंजिन किंचाळलं आणि गाडी जागेवरच. ती घाबरून घरी आली, तो तिथे गेला, वास घेतला, आणि पहिला विचार — अगदी पहिला, लख्ख — सील. दुसरा विचार, तिच्या पायाचा, यायला अर्धं मिनिट लागलं असेल. त्याच संध्याकाळी दर ऑगस्टला असते ती झिंग्यांची पंगत, रिवाजाप्रमाणे कागदी टोप्या, एवर्ट, त्याची बायको, शेजारी... आणि स्तूरेनं ग्लास उचलून सांगितलं की आमच्या बार्ब्रोच्या उजव्या पायात अक्कल आहे, डाव्यात मात्र देवानं घालायची राहिली. सगळे हसले. तीही हसली. हातातला झिंगा तिनं सोललाच नाही, ताटलीच्या कडेला ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून ती गाडीत शेजारच्या सीटवर बसायला लागली.

त्यानंतर तो तिच्यासमोर गाडी जपून चालवायचा. चढावर हलक्या पायानं, ट्रेलरशिवाय, आणि प्लेट सरकली की जीभ टाळ्याला लावून च्च् करायचा. फक्त तेवढंच. तेवढं पुरत होतं.

ही प्लेट आता पुसता येईल. पेट्रोलमध्ये फडकं बुडवून दोन मिनिटांचं काम, शिवाय कुणाला कळतंय? एवर्टला प्लेट आणि पॅनकेक यातला फरक कळत नाही. सील गुपचूप बदलायचं, आणि मग गाडी आपोआप चांगली चालेल, आणि म्हणायचं, बघ, शिकलीस की नाही... फडकं त्याच्या हातात होतंही. त्याला स्वतःची शिसारी आली. ती नवीन नव्हती, जुनीच होती, रोजच्या वापरातली. फक्त आजवर ती दुसऱ्यांवर खर्च होत होती.

“एवर्ट म्हणतो तू त्याला हाकललंस.”

बार्ब्रो. कॉफीचा मग घेऊन, खड्ड्याच्या काठावर. त्याला खालून तिच्या लाकडी तळव्याच्या चपला दिसत होत्या आणि करड्या मोज्यांतले पाय, घोट्याशी थोडे सुजलेले. एवर्ट आत आहे हे बरं झालं, असं त्याला वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली. तिच्या पायाचा निवाडा करताना त्यानं अख्ख्या पंगतीला साक्षीला धरलं होतं.

“दाखव,” ती म्हणाली. “किती झिजवली मी?”

त्यानं प्लेट वर केली. तिनं मग खाली ठेवला, प्लेट घेतली, दारातल्या उजेडाकडे धरली. बोट फिरवलं. बोटाचा वास घेतला. लाकूडगिरणीवाल्याची मुलगी ती. यंत्राचं तेल तिला काय सांगायचं.

“हे तेल आहे.”

“हो.”

“पायानं येतं का हे?”

बाहेर एवर्टची गाडी भिंतीला लावलेल्या वायरशी गुणगुणत होती. स्तूरेला वाटलं, ती आता विचारेल, मग कशानं येतं. त्यासाठी तो तयार होत होता. नखभर तिरकं, शनिवार, चालेल... शब्द घशाशी रांग लावून उभे होते.

“नाही,” तो म्हणाला. “पायानं नाही येत. झिजलीच नाहीये ती. तुझ्या पायाचा काही संबंध नव्हता.”

प्लेट तिनं छातीशी धरली होती, स्वेटरला डाग पडत होता, तिचं लक्ष नव्हतं.

“तुला कधी कळलं?”

“आत्ता.”

हे इतक्या सहज आलं की तो स्वतःच चकित झाला. आत्ता. बारा वर्षं आणि अर्धं मिनिट एवढ्या एका शब्दात बसली.

“आत्ताच कळलं, तर मग तू तरी काय करणार होतास,” ती म्हणाली, आणि वाकून मग त्याच्या हातात दिला. तिच्या आवाजात टोचणी नव्हती. तो शोधत होता, सापडेना. “त्या फ्लॅटवाल्या बाईला काय सांगू? विचार करून सांग. घाई नाही.”

ती वळली नाही. तिथंच उभी राहिली, प्लेट उलटसुलट करून पाहत, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी मोकळं होत होतं, हळूहळू, हे त्याला त्याच्या उरलेल्या परिघातूनही दिसलं. तिनं मान्य केलं होतं. लगेच. पायाबद्दल केलं होतं तसंच, बिनतक्रार. अशा माणसांचा मला नेहमी तिटकारा येतो, सांगाल ते खरं मानणाऱ्यांचा. आता तो येईल म्हणून मी वाट पाहिली, कॉफीचा मग तेलकट हातात धरून, मान वर करून. आला नाही. बार्ब्रो, एकदा तरी, या एका वेळी तरी, माझं खरं मानू नकोस... हे मनात इतक्या जोरात उमटलं की ते तोंडातून गेलं की नाही, ते मला कळेना.