पुन्हा तेरा महिने, तेरा दिवस

मी जमिनीवर पडलेली दिसले, तर तुम्ही मला सरळ झाडून केरात टाकाल, मित्रांनो, आणि त्यात तुमची काही चूक नसेल. मी दिसतेच तशी. करंगळीएवढी लांब, दाभणाएवढी जाड, पिवळट तपकिरी, जागोजागी पेरे असलेली एक जुनी काडी. माझे नाव हओम. जरथुष्ट्राचा धर्म मानणारे लोक मला पवित्र समजतात. फार प्राचीन काळी यज्ञात सोम वापरत असत, हे तुम्ही ऐकले असेल. 'सोम' आणि 'हओम' ही एकाच जुन्या शब्दाची दोन रूपे आहेत, असे जाणकार सांगतात. घराणे मोठे आहे, पण अंगात आता काही उरलेले नाही. त्यामुळे सांगताना मध्येच थांबले तर समजून घ्या. वाळलेल्या जिवाला धाप लवकर लागते.

मी जन्मले एका उघड्या, खडकाळ डोंगरावर. आमच्या झुडपाला पाने अशी नसतातच. नुसत्या हिरव्या काड्यांचा झुबका, आणि हंगामात लाल फळांचे मणी. तिथे एक बाई काड्या तोडायला यायची. पेऱ्याच्या वर हलकेच मोडायची, मुळाला हात लावायची नाही. तिने आमची जुडी पांढऱ्या फडक्यात बांधली आणि एका व्यापाऱ्याच्या हाती दिली. मग बोटी झाल्या, गाड्या झाल्या, गोदामे झाली. हिरवेपणा वाटेत कुठे गळून पडला, ते मला आठवत नाही.

शेवटी मी एका अग्यारीत आले. ज्या प्रार्थनाघरात पवित्र अग्नी सतत जपला जातो, ते अग्यारी. तिथल्या थोरल्या धर्मगुरूंना सगळे 'काका' म्हणायचे. काकांनी आम्हांला धुतले, सावलीत वाळवले, झाकणाच्या डब्यात ठेवले आणि डब्याला सांगितले, "तेरा महिने, तेरा दिवस."

ही आमची रीत आहे. बाहेरून आलेली काडी लगेच पूजेला चालत नाही. वाटेत किती हातांतून गेलेली, किती पोत्यांखाली दबलेली! तेरा महिने आणि तेरा दिवस ती अग्यारीत शांत पडून राहिली, की मग शुद्ध झाली. त्यानंतर तीन काड्या घ्यायच्या, डाळिंबाच्या डहाळीबरोबर पितळी खलबत्त्यात पाणी घालून कुटायच्या, नऊ छिद्रांच्या थाळीतून रस गाळायचा. हे सगळे ज्या मोठ्या पूजेत होते, तिचे बहात्तर अध्याय आहेत, आणि ते पोथीत न बघता तोंडपाठ म्हणायचे असतात. अडीच तास! पूजेला दोघे लागतात. एक मुख्य, तो रस काढतो. दुसरा मदतनीस, तो अग्नी सांभाळतो.

पूर्वी ही पूजा रोज व्हायची म्हणे. मी आले तेव्हा ती महिन्यातून एकदा व्हायची. मग वर्षातून एकदा. माणसे कमी झाली, आणि बहात्तर अध्याय येणारे एकटे काकाच उरले. ते एक्याऐंशी वर्षांचे. त्यांचा पुतण्या मदतनीस म्हणून बसायचा, पण त्याला फक्त मदतनिसाचे म्हणणे येत होते. तो पोटापाण्यासाठी लिफ्ट दुरुस्त करायचा. सकाळी अग्यारी आणि मग दिवसभर लोकांना वरखाली नेणाऱ्या पेट्या.

आमच्या जुडीतल्या एकेक करून सगळ्या गेल्या. आम्ही पाच जणी उरलो. मुदत कधीच भरून गेली होती. एकदा खलात पडले की सुटले, एवढेच मनात होते.

आणि मग पुतण्याने तो घोळ घातला.

नवी जुडी आली होती. ती धुऊन, वाळवून वेगळ्या डब्यात ठेवायची होती. जुडी हातात घेतली आणि त्याचा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत एक आजीबाई लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. "आलो, आलो," म्हणत त्याने समोर दिसला तो डबा उघडला आणि नव्या काड्या आमच्यावर ओतल्या. झाकण लावले, वर हलवूनही ठेवले, नीट बसाव्यात म्हणून!

आजीबाई सुटल्या. आम्ही अडकलो.

पूजेच्या आदल्या दिवशी काकांनी डबा उघडला आणि तसेच उभे राहिले. "अरे, हे काय केलंस?"

पुतण्याने आत बघितले आणि कपाळावर हात मारला. मग म्हणाला, "काका, ओळखता येतील. जुन्या जरा काळपट असतात."

"काढ मग."

त्याने आम्हांला ताटात पसरले. बराच वेळ निरखून तीन काड्या उचलल्या. त्यांतली एक मी होते. मित्रांनो, बाकीच्या दोघी नव्या होत्या! आल्याला आठवडाही झाला नव्हता. मला ओरडावेसे वाटले, पण काडीला तोंड कुठले?

"नक्की?" काकांनी विचारले.

पुतण्याने तिन्ही काड्या पुन्हा उलटसुलट करून बघितल्या.

"नक्की नसेल तर ठेव परत. सगळ्याच थांबतील. आजपासून तेरा महिने, तेरा दिवस."

"दुसऱ्या अग्यारीतून तीन काड्या आणू?"

"तिला कुलूप लागून सात वर्षं झाली. विसरलास?"

पुतण्याचा आवाज खाली आला. "काका, तेरा महिने म्हणजे... तुम्ही..."

"बोल की. मी मरेन, असंच ना?"

शेजारच्या खोलीत काकू इस्त्री करत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मरायचं नंतर बघू. आधी विसरायचं बघा. काल चष्मा शोधत होते पाऊण तास, आणि तो कुठे होता विचार."

कुठे होता ते सांगायची गरज नव्हती.

पण काकूंच्या थट्टेत काळजी होती, आणि ती तिघांनाही कळत होती. काकांचे पाठांतर निसटायला लागले होते. ते पुसले गेले, की ही पूजा तिथे पुन्हा होणार नव्हती. मग शुद्ध काड्यांनी डबा भरलेला असला काय आणि रिकामा असला काय!

दुसऱ्या दिवसापासून काका सकाळी सहाला आमच्या कपाटाजवळ खुर्ची ओढून बसू लागले. रोज पाच-सहा अध्याय म्हणायचे, विसरू नये म्हणून. पुतण्याही येऊ लागला. त्याला कोणी बोलावले नव्हते, आपल्या चुकीची लाज त्याला आणत होती. मांडीवर पोथी उघडून तो ताडून बघायचा.

"अहो, गाडी एक स्टेशन सोडून पुढे गेली," भिंतीपलीकडून काकूंचा आवाज यायचा.

"तू गप्प बस गं. मला येतंय."

"येतंय तर मधलं कुठे गेलं? इस्त्रीखाली?"

काकूंना पूजेला बसायचा कधी प्रसंग आला नव्हता, पण पन्नास वर्षे ऐकून ऐकून त्यांचे कान पक्के झाले होते. पुतण्या पोथीत बोट फिरवायचा आणि हसू दाबत म्हणायचा, "काका, काकू बरोबर सांगतायत."

मी आत पडून ऐकत होते. किती महिने गेले ते मोजायचेही सोडून दिले होते. एकदा झालेली शिक्षा पुन्हा भोगताना दिवस लांबत जातात. हिवाळ्यात काका एकच अध्याय तीनदा म्हणू लागले. संपला की परत पहिल्यापासून. त्या दिवशी काकूंनी थट्टा केली नाही. इस्त्री थांबल्याचे मात्र कळले. पुतण्यानेच हळूच पुढच्या अध्यायाचे पहिले शब्द दिले आणि काका ते धरून पुढे गेले.

मग ते रोजचेच झाले. काका थांबायचे, पुतण्या शब्द द्यायचा. आधी एक शब्द, मग ओळ, मग अर्धा अध्याय. एका सकाळी माझ्या लक्षात आले, की पाने उलटल्याचा आवाज कित्येक दिवसांत आलेला नाही. पोथी कपाटावरच असायची. काकांच्याही लक्षात आले असणार. कारण त्यानंतर ते अधूनमधून मध्येच थांबायचे आणि नुसते त्याच्याकडे बघत राहायचे. खरेच विसरायचे की मुद्दाम थांबायचे, ते मला अजून कळलेले नाही.

आणि आज मुदत भरली.

पहाटे डबा उघडला. पुतण्याने तीन काड्या उचलल्या, आणि योगायोग बघा, त्यांत मी आहे. आम्हांला तीनदा धुतले आणि पाण्याच्या वाटीत ठेवले. डाळिंबाची डहाळी आली. अग्नीजवळ दोन जागा मांडल्या. पांढऱ्या कपड्यांतले काका भिंतीला धरत आले आणि मदतनिसाच्या जागी जाऊन उभे राहिले.

"काका, तुमची जागा इकडे."

"माझ्या गुडघ्यांना विचार. अडीच तास मांडी घालायला ते तयार नाहीत. इथे उभं राहून लाकूड घालता येईल. बस तिथे."

"मी? आणि चुकलो तर?"

दाराशी बसलेल्या काकू म्हणाल्या, "मी आहे ना इथे. यांच्या चुका पन्नास वर्षं काढल्या, तुझ्याही काढीन."

काका हसले, पण डोळे पुसायला त्यांना उपरणे शोधावे लागले.

मित्रांनो, मी फार दमले आहे, तेव्हा थोडक्यात सांगते. माझ्यासारखी वस्तू डब्यात वर्षानुवर्षे टिकते. माणसाच्या मनात पाठ असलेली गोष्ट तशी टिकत नाही. ती रोज थोडी झिजते, आणि डबा उघडून बघायची सोय नसते. तुमच्या घरात कोणाला काही येत असेल, एखादी जुनी प्रार्थना, एखादी विद्या, कपडा बेतायची रीत, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. ते विसरले तर हसू नका, त्यांना पुढचा शब्द द्या. तो शब्द देता यावा, एवढे आधी ऐकून ठेवा. उद्या ऐकू म्हणू नका. मी दोनदा थांबू शकले. काका दुसऱ्यांदा थांबले, तेव्हा अर्धे रिकामे झाले.

पुतण्याने सुरुवात केली आहे. पहिला अध्याय संपला, दुसरा संपला. काकू अजून काही बोललेल्या नाहीत. रस निघाला की घोटभर तो पिईल आणि उरलेला विहिरीच्या पाण्यात जाईल. वाटीबाहेरचे, मोकळे पाणी पाहून मला किती वर्षे झाली!

त्याने आता बत्ता उचलून खलाच्या कडेवर आपटला आहे. घंटेसारखा आवाज घुमतो आहे. काका लाकूड हातात धरून ऐकत उभे आहेत, आणि त्यांचे ओठ त्याच्या ओठांच्या किंचित मागून हलत आहेत.