पाटलांचा पाहुणा

हिंमतरावांनी डोक्याचा फेटा उतरवून साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"हा पुरावा. पंचाले फेटा लागते. लिहा खर्चात."

"फेटा तुम्ही आडतीवरही बांधता," साहेब मान वर न करता म्हणाले.

नागपूरचे हे इन्कमटॅक्सवाले साहेब खामगावात मुक्काम ठोकून बसले होते. हिंमतरावांनी त्यांची मनगटं न्याहाळली. काकडीएवढी. या माणसानं लंगोट कधी दोरीवर वाळतानाही पाहिला नसेल, आणि हा कुस्तीचा हिशेब मागतो!

कापसाची आडत हा हिंमतरावांचा धंदा. जत्रांच्या दिवसांत ते दंगलींना पंच म्हणून जात. त्या बिदागीची बातमी कुणीतरी साहेबांच्या कानावर घातली होती.

"साखरखेर्ड्याचं गाडीभाडं?"

"म्या दिलं."

"पावती?"

"गाडीवान पावती देते काय, साहेब?"

"मग वजा होणार नाही."

हिंमतरावांनी ओठ मुडपले. भाडं त्यांनी खरंच दिलं होतं. निकाल लागेपर्यंत पंचानं कुठल्याच बाजूचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही वऱ्हाडची चाल. साखरखेर्ड्याच्या दंगलीतही ते उन्हात कोरड्या घशानं उभे राहिले होते. पंजाबराव पाटलांच्या मल्लानं त्या दिवशी तेलगिरणीवाल्या उकंडरावांच्या कडूबाला पाडलं. खांदा टेकला की नाही, यावर एरवी लाठ्या निघायच्या. पण हिंमतरावांनी हात वर केला आणि माणसं मुकाट घरी गेली.

हे या कारकुंड्याला कशाला सांगायचं? त्याला त्याच्याच भाषेत गुंडाळावं.

"बिदागी नाहीच ते, साहेब," ते हसून म्हणाले. "मान हाये. पंजाबराव पाटलाची गाडी मले न्याले आलती. त्याच्याच घरी जेवलो, निंगताना त्यानं हातावर ठेवलं. सोयऱ्याले देतेत तसं. त्याच्यावरही टॅक्स लावता काय?"

साहेबांनी आधी गाडीभाड्याची ओळ खोडली.

"म्हणजे पाटलांचे पाहुणे म्हणून गेला होता."

"हाव."

साहेबांनी बिदागीच्या आकड्यावर रेघ मारली. काय सोपं गिऱ्हाईक! हिंमतरावांनी फेटा डोक्यावर चढवला आणि ते खुर्चीवरून उठून वळले.

मागच्या बाकावर, आपल्या पाळीची वाट पाहत, उकंडराव बसले होते.

"रामराम, उकंडराव."

"मले वाटे," उकंडराव सावकाश म्हणाले, "आमचा कडूबा खरंच पडला."

"पडलाच होता. भलतंच काय बोलता? म्या त् माह्या पैशानं—"

साहेबांनी पहिल्यांदाच मान वर केली. लेखणी अजून हातात होती.

"जबाबात काही दुरुस्ती आहे का?"

हिंमतरावांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा उकंडरावांकडे.

"नाही," ते म्हणाले.

"सोमवारी अमडापूरच्या दंगलीले दुसरा पंच पाहावा लागन," उकंडराव उठत म्हणाले.

साहेबांनी पुढचं नाव पुकारलं. हिंमतरावांच्या रिकाम्या खुर्चीपाशी उकंडराव थांबले. खांद्यावरच्या उपरण्यानं त्यांनी ती खुर्ची नीट झटकली, मगच बसले.