दोन ठोक्यांमधली जागा

पडद्यावरचा आकडा शहाऐंशीच्या खाली उतरायला तयार नव्हता. थोरली सीटी स्कॅनच्या अरुंद पाटावर निजली होती. छातीवर तारा, शिरेत सुई, हात डोक्यावर नेलेले. ठोके मंदावायची गोळी घेऊन तास झाला, तरी काळीज काही चालीवर येईना.

"मावशी, साठच्या जवळ यायला हवं," टेक्निशियन बाई म्हणाली. "दोन ठोक्यांच्या मध्ये काळीज क्षणभर विसावतं, तेवढ्यात चित्र टिपायचं. धावत्या काळजाचं चित्र फिसकटतं."

मागच्या आठवड्यात तसंच झालं होतं. रक्तवाहिनी पुसट आली, एकीच्या दोन दिसल्या. आजही तसंच झालं तर मनगटातून नळी घालून आत बघावं लागणार होतं. आणि उजवं मनगट म्हणजे थोरलीचं कात्रीचं मनगट.

दाराशी धाकटी जाऊ उभी होती. शिवणाचं दुकान दोघींचं.

"जाऊबाई, घाबरू नका हो!"

"तू गप्प राहा, म्हणजे नाही घाबरत. तुझं तोंड बघूनच काळीज पळतंय माझं."

एकदा तालीम घेतली. "श्वास घ्या... रोखा!" थोरलीने बुडी मारावी तशी छाती फुगवली, मुठी आवळल्या. आकडा ब्याण्णव.

"रोखा म्हणू नका त्यांना," धाकटी पुढे झाली. "रोखा म्हटलं की त्या भांडायलाच उभ्या राहतात. सुई ओवा म्हणा."

"काय?"

"ओवताना श्वास आपोआप थांबतो, बाई. वीस वर्षं बघतेय मी. दुकान पेटलं तरी यांची पापणी लवायची नाही."

टेक्निशियन बाईला हसू आलं. पण तिने धाकटीला काचेआड नेलं आणि माइक तिच्या तोंडाशी धरला.

"जाऊबाई, बारीक सुई आहे. काळा दोरा. टोक ओलं करा."

डोक्यावरच्या हातांची बोटं हळूच जुळली. डोळे बारीक झाले. बहात्तर. पासष्ट. एकसष्ट.

"आता ओवा."

श्वास थांबला. शिरेतून औषधाची ऊब अंगभर पसरली, यंत्राचं चक्र घरघरलं, आणि काळजाने दोन पावलांमध्ये जराशी उसंत घेतली.

चित्र इतकं लख्ख आलं की शंकेला जागाच उरली नाही. दुपारी डॉक्टरांनी दोघींना पडद्यासमोर बसवलं. थोरली शिवण तपासावी तशी वाकली.

"इथं आवळलंय."

"हो. ही मुख्य वाट आहे, इथं वाट बघून चालायचं नाही. मनगटातून नळी घालावीच लागेल. बघायला नाही, दुरुस्तीला. उद्याच."

थोरलीने उजवं मनगट डाव्या मुठीत धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. शेजारी धाकटी पदर तोंडात कोंबून बसली होती.

"रड आता," थोरली तिच्या पाठीवर हात ठेवत म्हणाली. "मघाशी रडली असतीस, तर हे दिसलंच नसतं."