दोरीला बांधलेलं पेन

मोठ्या सिस्टरचं डोकं पार चक्रावलं होतं. ऑपरेशनच्या वॉर्डात चौथ्या पेशंटची जखम चिघळली आणि जंतू पुन्हा तोच, औषधांना भीक न घालणारा स्टॅफिलोकोकस, लॅबवाल्यांच्या भाषेत स्टॅफ. लॅबवाल्याने जंतू वाढवलेली प्लेट दाखवली. औषधाच्या टिकलीभोवती जंतू मरून मोकळं कडं पडायला हवं. हा मेला टिकलीला खेटून मजेत वाढला होता.

बरं, येतो कुठून? चादरी उकळून झाल्या, खाटा पुसून झाल्या, हा जंतू नाकात दडतो म्हणून सगळ्यांची नाकंही तपासून झाली. आत शिरताना प्रत्येक जण हात धुतो आणि दारातल्या वहीत तशी सही करतो. ही वही मोठ्या सिस्टरनेच सुरू केलेली, तिचा तिला कोण अभिमान! वहीत रकाना कोरा एकच, सफाईच्या मावशींचा.

"मी धुते हो हात," मावशी म्हणाल्या होत्या. "लिहिता येत नाही, म्हणून वहीच्या वाटेला जात नाही."

हॉस्पिटलच्या साहेबांनी नेमकं त्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. बावीस वर्षं राबलेल्या बाईला घरी बसवलं. पुढच्या सोमवारी येऊन भेटा म्हणाले, म्हणजे कायमचा निरोप घ्या. सिस्टरला वाईट वाटलं, पण ती गप्प बसली. वही तिचीच होती ना.

आणि मावशी गेल्यावर ज्याचं ऑपरेशन झालं, त्या पाचव्याचीही जखम चिघळली. आता काय म्हणायचं?

सोमवारी सकाळी हातांचे रिपोर्ट आले. मावशींच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या हातांचे नमुने घेतले होते. चौदापैकी अकरा जणांच्या हातांवर तोच स्टॅफ. खुद्द मोठ्या सिस्टरच्याही. मावशींचे हात मात्र लख्ख. सिस्टरने कागद तीनदा वाचला. धुऊन सही केलेले हात घाण आणि सही नसलेले स्वच्छ? हे भलतंच उलटं होतं.

तेवढ्यात मावशी दारात आल्या. सवयीने बेसिनकडे वळल्या, कोपरापर्यंत हात धुतले, झटकले. "नातीने शिकवली सही," त्या लाजत म्हणाल्या. "आठ दिवस गिरवतेय. साहेबांना दाखवते, मग ठेवतील ना?" आणि त्यांनी वहीशेजारी दोरीला लोंबणारं पेन धरायला हात पुढे केला.

तेच पेन. मावशी सोडून बाकी तेरा जणांचं, हात धुतल्या धुतल्या धरायचं, आणि आजवर एकदाही न पुसलेलं.

"थांबा मावशी, हात लावू नका त्याला," सिस्टर म्हणाली.

मावशींचा चेहरा पडला. हात तसाच हवेत राहिला. "एकदा बघा तरी," त्या हळूच म्हणाल्या. "रेघ सोडून जात नाही आता माझं अक्षर."

आधी पेनाचं सांगावं की आधी माफी मागावी, हेच सिस्टरला कळेना.