सळयांवरच्या बाटल्या

उलट्या बाटलीच्या खोलगट बुडात रात्रीच्या धुक्याचं चमचाभर पाणी साचलं होतं, आणि त्या पाण्यात एक बारीकसा किडा गोल गोल फिरत होता — बुडतही नव्हता, बाहेरही पडत नव्हता... हेर्मेलिंदानं बोट घालून त्याला काढलं, फळीवर ठेवलं, आणि मग बाटली सळईवरून उतरवायची की राहू द्यायची ते न कळून तशीच उभी राहिली.

गच्चीवरच्या नव्या खोलीच्या चारही कोपऱ्यांतून सळया वर आल्या होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर अशीच एकेक प्लास्टिकची बाटली होती, लोखंड गंजू नये म्हणून. या टेकडीवर घर पुरं झालं असं कुणी म्हणत नाही. पुरं झालं म्हटलं की संपलंच की सगळं! सळया वर राहू द्यायच्या — पोरगा मोठा होईल, वर चढेल, त्याचं घर बांधेल. तिचा नवरा तेओदोसियो खालची खोली बांधून झाल्यावर हेच म्हणाला होता. मग तेओदोसियो वारला. मग पोरगा एदिल चिलीत गेला, सांतियागोला, फळांच्या शीतगोदामात. आणि हेर्मेलिंदा दर हिवाळ्यात उन्हानं पिवळ्या पडलेल्या बाटल्या काढून नव्या घालत राहिली... नवऱ्याचं लोखंड, पोराचं घर. मधे मी, बाटल्या बदलणारी.

पण आज ज्या खोलीवर स्लॅब टाकायचा होता ती एदिलची नव्हती. वस्तीची होती.

"बाई, बोला काय ते." कासिमिरो मिस्त्री जिन्यावरून वर आला होता, कानामागे पेन्सिल, तोंडात पाव. "सळया कापायच्या की ठेवायच्या? कापायच्या तर आजच. कापायचं मशीन भाड्यानं आणलंय, संध्याकाळी परत करायचंय. स्लॅब ओला असेल तोवर टोकांवर सिमेंटचा मसाला थापून बंद करून टाकतो. उद्या मी पलीकडच्या टेकडीवर."

"सांगते."

"कधी सांगता? देवाघरी गेल्यावर?"

"काम सुरू कर ना तू. सांगते म्हटलं ना."

तो हसत खाली गेला. ती बाटली हातात घेऊन मागोमाग उतरली.

सांगते, सांगते... हा शब्द तिच्या तोंडात किती दिवस घोळत होता! एदिलला फोनवर सांगणार होती. पहिली वीट बसली तेव्हा सांगणार होती, मग भिंती खांद्याएवढ्या झाल्या तेव्हा, मग खिडकी काढली तेव्हा. दर रविवारी फोन यायचा, ती विचारायची, "कधी येतोस?", तो म्हणायचा, "बघू, वर्षअखेरीला," आणि एवढ्यावर दोघंही थकून जायची. मधे कुठं सांगायचं की तुझं घर मी देऊन टाकलं? घोंगडं तसंच भिजत पडलं.

आणि दिलं तरी कसं? कुणी मागितलंही नव्हतं. साथीच्या दिवसांत सगळ्यांची कामं गेली आणि बायकांनी तिच्या पुढच्या खोलीत एकच मोठं पातेलं चढवलं, कारण तिची खोली रस्त्याला लागून, पाण्याचा टँकर दारापर्यंत यायचा. आणि गंमत म्हणजे फोनची रेंजही त्याच खोलीत यायची, म्हणून पोरं शाळा शिकायला तिथंच. एकीकडे रश्शाची वाफ, एकीकडे गुणाकार. बटाटे सोलता सोलता ग्रिमाल्दानं म्हाताऱ्यांना अक्षरं शिकवायला घेतली — आधी बसच्या पाट्या, मग औषधांच्या चिठ्ठ्या. कुणी शिवण शिकवलं, कुणी केस कापायला. साथ गेली, कामं आली, पण पातेलं उतरलं नाही आणि पोरंही हलली नाहीत. मग एक दिवस कुणाचीतरी भूगोलाची वही रश्शात पडली, बायका पोट धरून हसल्या, आणि त्या हसण्यातच हेर्मेलिंदाच्या तोंडून गेलं, "अगं, वर गच्ची मोकळीच आहे की."

हसणं थांबलं. सगळ्या तिच्याकडे बघत राहिल्या. इथं गच्ची मोकळी नसते, ती कुणाची तरी असते, हे त्यांना कळत होतं. तिलाही कळत होतं. पण बाहेर पडलेला शब्द परत घ्यायला तिला लाज वाटली... नाही, लाज नव्हे. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला बरं वाटलं होतं. हेच तर तिला एदिलला सांगता येत नव्हतं.

खालच्या खोलीत आज रोजच्यापेक्षा मोठं पातेलं होतं. स्लॅबच्या दिवशी हाताखाली आलेल्या प्रत्येकाला जेवू घालायचं, हा रिवाज. शेंगदाण्याचं कूट आणि लाल मिरची लावलेले बटाटे, तिच्या डोंगरातल्या गावाकडचे — तेही तिनंच कबूल केलेले. ग्रिमाल्दा बाह्या सरसावून पळी फिरवत होती. वस्तीची पुढारी तीच, आणि आवाज असा की टेकडीवर भोंगा लावायची गरज पडायची नाही.

"काय गं, बाटली काय छातीशी धरून फिरतेस? बाळ आहे का ते?"

"ठेवायला जागा नाही."

"ये, बटाटे सोल. आणि ती दुसरी बाटली बघितलीस? किती छान दिसते!"

जिन्याच्या तोंडाशी, लाल फितीला बांधून, मक्याच्या दारूची बाटली लोंबकळत होती. स्लॅब पुरा झाला की छताचा धर्मबाप, म्हणजे त्या दिवसाचा मानकरी, हातोडीनं ती फोडतो. त्याशिवाय छत छत होत नाही.

"फोडणार कोण?" हेर्मेलिंदानं विचारलं, उगाच, सोलता सोलता.

"हे काय विचारणं झालं? एदिल!"

सुरी थांबली.

"म्हणजे तो कुठला यायला, त्याच्या नावानं मी फोडीन. पण मान त्याचा. कमिटीत सगळ्यांनी ठरवलं — ज्याच्या वाट्याची गच्ची, तोच धर्मबाप. तुला आज अचानक सांगणार होते, पण माझ्या तोंडात तीळ भिजतो का कधी!"

"त्याला... त्याला कुणी सांगितलं?"

"मीच. परवा. फोनवर बोलून पाठवलं मस्तपैकी. म्हटलं, बाळा, तुझ्या आईनं वरची खोली आम्हाला दिली, देव तुम्हा मायलेकरांचं भलं करो, आता छताचा धर्मबाप तूच." ग्रिमाल्दानं पळी चाटून मीठ पाहिलं. "ऐकलंय त्यानं. निळ्या खुणा दिसतात. बोलला नाही काही. कामात असेल पोरगा."

परवा... परवापासून त्याला माहीत आहे. कालचा रविवारचा फोन आला नव्हता, आणि तिला वाटलं होतं, जादा पाळी असेल. हातातला अर्धा सोललेला बटाटा तिनं पाण्यात सोडला.

"हेर्मेलिंदा?" ग्रिमाल्दाची पळी हवेत राहिली. "तू... तू त्याला सांगितलं नव्हतंस?"

"सांगणार होते."

"अगं बाई! हे आता तू मला सांगतेस? मला काय स्वप्न पडलं होतं?" मग आवाज उतरवून, आणि ग्रिमाल्दाचा आवाज उतरला की माणसं घाबरायची, "रागावलीस का माझ्यावर?"

रागावले का? रागवायला हवं होतं. पण ग्रिमाल्दाचं तोंड इतकं पडलं होतं, मिरचीनं लाल झालेले हात असे पुढं धरलेले, की राग धरायला जागाच सापडेना. शिवाय मनाच्या तळाशी कुठंतरी हायसंही वाटत होतं. सांगून झालं. मी नाही सांगितलं, पण सांगून झालं. भित्रीच मी, दुसरं काय!

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

बाहेर सिमेंट कालवायचं मशीन घरघरायला लागलं. टेकडीवरची माणसं जिन्यावर रांग लावून उभी राहिली आणि डबे हातोहात वर जायला लागले. हेर्मेलिंदाही रांगेत घुसली, कारण बटाट्यांपाशी बसवेना. डबा आला, डबा गेला. ओलं सिमेंट बोटांना थंड लागत होतं, आणि प्रत्येक रिकाम्या क्षणात एदिल... एदिल सहा वर्षांचा, याच गच्चीवर, आणि तेओदोसियो खडूनं जमिनीवर घर आखतोय. इथं दार. इथं खाट. आणि खिडकी? तेओदोसियोनं ती टेकडीच्या बाजूला काढली, ऊब राहील म्हणून. एदिल पालथ्या हातानं ती पुसून टाकायचा, समुद्राकडे काढायचा. स्वच्छ दिवशी इथून समुद्राची एक रेघ दिसते, सुरीच्या पात्याएवढी. बाप पुन्हा पुसायचा, पोरगा पुन्हा काढायचा. खडू संपला पण खिडकी ठरली नाही.

खोलीच्या भिंती चढल्या तेव्हा कमिटीनंही तेच म्हटलं होतं — समुद्राकडून दमट वारा येतो, पुस्तकांना बुरशी लागेल. हेर्मेलिंदानं सगळ्या बांधकामात कशालाच नाही म्हटलं नव्हतं, तेवढ्या एका गोष्टीवर अडून बसली. का, ते कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. आपली हट्टी म्हातारी म्हणून सोडून दिलं.

"मावशी, झोपलात का?" वरून कुणीतरी ओरडलं. डबा तिच्या हातात तसाच होता.

"झोपेन तुझ्या लग्नात! घे."

दुपार कलली तेव्हा मशीन थांबलं. कासिमिरो फळीवर उकिडवा बसून शेवटचा हात फिरवत होता, आणि त्या ओल्या करड्या सपाटीकडं सगळेच बघत होते. खाली पोरं आत्तापासूनच भांडत होती, कुणी कुठं बसायचं त्यावरून. अक्षरं शिकणाऱ्या सात म्हाताऱ्यांना खिडकीजवळची जागा हवी होती, चष्मा नसल्यामुळे. हेर्मेलिंदा जिन्याच्या वरच्या पायरीवर टेकली. धुकं फाटलं होतं.

"बाई," कासिमिरोनं हात पुसले. "आता तरी? कापायचं मशीन न्यायचंय."

इथंच तर घोडं पेंड खात होतं. ठेवा म्हणावं तर कुणासाठी? पुन्हा त्याच्यासाठीच, म्हणजे पुन्हा तेच आभाळ दाखवायचं, पुन्हा दर हिवाळ्यात बाटल्या आणि दर रविवारी "कधी येतोस?" आणि कापा म्हणावं तर... ज्या पोराला न विचारता पहिला मजला दिला, त्याचा दुसराही आपल्याच हातानं छाटायचा?

तेवढ्यात अॅप्रनच्या खिशातला फोन थरथरला.

एदिल. बोललेला निरोप, फोन नव्हे. तिनं तो कानाशी धरला. आधी गोदामातल्या थंडीच्या यंत्रांची घूं घूं. मग कुणीतरी पेटी आपटली. मग त्याचा श्वास — आईला लेकराचा श्वास कळतो, हा चिडलेला होता की रडवेला की फक्त थंडीतला, ते मात्र कळेना. आणि मग,

"आई... खिडकी कुठल्या बाजूला काढलीय?"

बस, एवढंच. तिनं पुन्हा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकला. त्यात माफी होती का? टोमणा होता का? काही म्हणजे काही सापडेना. पण सहा वर्षांचा एक हात खडूची रेघ पुसत होता, हे तिला स्वच्छ ऐकू आलं.

"राहू दे सळया," ती म्हणाली.

"अजून एक मजला? पोरगा येणार वाटतं!"

"कुणी का येईना. राहू दे."

सकाळपासून जपलेली बाटली तिनं जिन्याजवळच्या सळईवर उलटी घातली, तळव्यानं थापटून घट्ट केली. कुणासाठी, ते तिला सांगता आलं नसतं, आणि ते सांगता येत नाही याची आज तिला भीती वाटली नाही. खालून ग्रिमाल्दा हातोडी घेऊन ओरडत होती, धर्मबापाच्या नावानं फोडू का गं, की थांबू?

"थांब जरा!"

तिनं फोनचं बटण दाबून धरलं. सिमेंट सुकून बोटं ताठ झाली होती.

"समुद्राकडे," ती म्हणाली. "तू काढली होतीस तिथंच. सगळे मला वेड्यात काढत होते... आता इथून दिसतोय बघ. रेघच आहे, पण दिसतोय. म्हाताऱ्या तिथं बसायला भांडतायत. आणि एदिल, बाटली कुणी फोडायची, तूच सांग."

बटण सोडल्यावर, निरोप निघून गेल्यावर, तिच्या लक्षात आलं की आज तिनं त्याला कधी येतोस ते विचारलंच नाही.